जांबुघोड्याच्या जंगलात एका कोतराच्या काठाने: बडोद्याहून एका दिवसाची पायी भटकंती

आपण बडोदेकर नदीला ओळखतो ते पुराने आणि मगरींनी. विश्वामित्री काठ सोडून वर आली की घरातलं सामान माळ्यावर चढतं, आणि उरलेलं वर्षभर पुलावरून जाताना आपण तिच्याकडे बघतही नाही. ही नदी पावागढच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगराच्या पलीकडे, पूर्वेला, जांबुघोड्याचं अभयारण्य सुरू होतं. तिथे दक्षिणेकडे बोडेलीच्या बाजूला उतरणारं पाणी ओरसंग नदीला मिळतं आणि ओरसंग चांदोदला नर्मदेत. आपल्या घरांतली कितीतरी माणसं अस्थी घेऊन चांदोदला गेली असतील, पण त्या संगमात येणारं पाणी कुठल्या दगडांवरून वाहत आलं हे फार थोड्यांनी पाहिलं आहे.

पाण्याची ही सुरुवात पायी चालून बघायची असेल तर काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो. आधीच एक सांगतो. जांबुघोड्याला जाणारे बहुतेक लोक झंड हनुमान, कडा धरण, तरगोळ तलाव, वाटेत चांपानेर आणि जमलं तर पावागढ असं सगळं एका दिवसात उरकून येतात. संध्याकाळी फोनमध्ये दोनशे फोटो असतात, पण जंगल कसं होतं विचारलं तर काही सांगता येत नाही. मी सांगतोय ती पद्धत उलटी आहे. एकच कोतर निवडायचं, तीन-साडेतीन तासांत जेमतेम दीड-दोन किलोमीटर चालायचं, आणि परत यायचं. कोतर हा इथला शब्द. पावसाच्या पाण्याने कोरलेला, दोन्ही बाजूंना चढ असलेला ओढा असा त्याचा अर्थ. गावात वाट विचारताना 'ओढा' म्हणालात तर समोरचा गोंधळेल, कोतर म्हणा.

आधी महिना ठरवा

दसऱ्यानंतर ते नोव्हेंबरअखेर हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस थांबलेला असतो, पाणी गढूळ नसतं, वाहतं असतं, आणि गवत अजून हिरवं असतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळची थंडी छान, पण बऱ्याच कोतरांत धार बारीक होऊन नुसती डबकी उरतात. मला स्वतःला फेब्रुवारीची अखेरही तितकीच आवडते. पाणी कमी असतं, पण केसुडा, म्हणजे आपला पळस, फुललेला असतो आणि उरलेल्या डबक्यांवर पक्षी-प्राणी जमतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटपतात. तो गावकऱ्यांचा फुलं वेचायचा हंगाम आणि अस्वलांचाही, म्हणून त्या दिवसांत पहाटे अंधारात मोहाखाली जायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर फार सुंदर दिसतात हे खरं. तरी त्या महिन्यांत कोतरात उतरू नका, काठावरूनच बघा. कारण पुढे पाण्याच्या भागात लिहिलं आहे. मे महिन्यात चाळिशीपार ऊन असतं, तेव्हा घरीच बरं.

वार शक्यतो कामकाजाचा निवडा. शनिवारी झंड हनुमानाला दर्शनाची गर्दी असते आणि तो रस्ता अभयारण्यातूनच जातो. रविवारी सहलींच्या गाड्या असतात.

परवानगी आणि वाटाड्या

जांबुघोडा हे 1990 साली जाहीर झालेलं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटलं की 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, आणि त्याप्रमाणे आत फिरायला वनविभागाची परवानगी लागते. आत आग पेटवणं हा गुन्हा आहे, मग ती चहापुरती चूल का असेना. निघायच्या तीन-चार दिवस आधी वनविभागाच्या कार्यालयात फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: सध्या पायी फिरायला कुठला भाग खुला आहे, सोबत कोण येईल, आणि शुल्क किती. कडा आणि धनपरी इथे वनविभागाची निसर्ग शिबिरस्थळं आहेत. नवख्या माणसाने या दोन्हींपैकी एकाच्या आसपासची वाट धरावी. एक रात्र मुक्काम करता आला तर उत्तमच, कारण मग पहाटे बडोद्याहून धावत यावं लागत नाही.

वाटाड्या घ्याच. वाट चुकेल म्हणून नव्हे. या जंगलात राठवा आणि नायक समाजाची गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात. कुठल्या काठावर मधमाश्यांची पोळी आहेत आणि गेल्या आठवड्यात अस्वल कुठे दिसलं हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. त्याच्या दिवसाची मजुरी आधी विचारून ठरवा आणि परतल्यावर घासाघीस न करता द्या. वयाने मोठा असेल तर 'काका' म्हणा, भेटल्यावर 'राम राम' करा. आमच्या गटात दांडिया बझारमधल्या एक आजी येतात. त्या पहिल्याच भेटीत विचारतात, "काका, आ वरसे कोतरमां पाणी केवुं छे?" (यंदा कोतरात पाणी कसं आहे?) आणि तिथून गप्पा सुरू होतात. एका प्रश्नात तुम्हाला त्या वर्षीचा पाऊस, पीक आणि चालायची वाट, तिन्ही कळतं.

या डोंगरांचा आपल्याशी एक जुना संबंधही आहे. 1858 साली तात्या टोपे बडोद्याच्या रोखाने या मुलखात उतरले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला छोटा उदेपूरपाशी इंग्रजी फौजेने त्यांना गाठलं. त्याच दिवसांत जांबुघोड्याच्या परिसरातले नायक इंग्रजांविरुद्ध उठले होते, आणि दहा वर्षांनी, 1868 मध्ये, पुन्हा उठले. तात्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात आलं, नायकांचं आलं नाही. वाटाड्याबरोबर चालताना हे मनात असावं असं मला वाटतं.

काय न्यायचं

माणशी तीन लिटर पाणी. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी प्यायचं नाही, वर गुरं उतरलेली असतात. तळ घट्ट पकडणारे बूट घाला, आणि पाण्यात उतरायला पट्ट्याचे सँडल वेगळे घ्या. अनवाणी पाण्यात जाऊ नका, गारगोटीच्या कडा सुरीसारख्या असतात. पायघोळ पँट आणि लांब मोजे, पँट मोज्यात खोचायची. गवतातल्या गोचिड्यांसाठी हा एकच उपाय खरोखर उपयोगी पडतो. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे. अत्तर, डिओ काही नको, आग्या मधमाश्या वासाने चिडतात. छातीएवढी काठी, शिटी, दुर्बीण, टोपी, पट्टीचं कापड, आणि एक रिकामी पिशवी, स्वतःचा आणि वाटेत सापडेल तो कचरा परत आणायला.

खायला दशम्या, लसणाची चटणी, गूळ, थोडे ठेपले. पाकिटातली कुरकुरीत खाणी नकोत. त्यांच्या आवाजाने आणि वासाने माकडं जमतात, आणि एकदा पिशवी ओढायची सवय लागलेली माकडं पुढच्या माणसाला त्रास देतात.

निघणं

पहाटे साडेपाचला बडोदा सोडा. हालोल सुमारे 40 किलोमीटर, पुढे चांपानेर, शिवराजपूर आणि मग जांबुघोडा. सगळं मिळून साधारण 75 किलोमीटर. स्वतःची गाडी नसेल तर हालोलपर्यंत किंवा बोडेलीपर्यंत एसटी मिळते आणि पुढे स्थानिक वाहन. बोडेलीला प्रतापनगर–छोटा उदेपूर मार्गावरची रेल्वेगाडीही जाते. मात्र तसं जायचं तर मुक्काम धरूनच बेत करा.

चांपानेरला थांबू नका. 2004 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि त्याला अख्खा वेगळा दिवस द्यायला हवा. गाडीतून पावागढकडे मात्र बघून घ्या. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा डोंगर आहे, काळाकरडा, पायऱ्यापायऱ्यांचा. शिवराजपूरच्या पुढे खडक बदलतात. शिवराजपूर तर मँगनीजच्या खाणींसाठी ओळखलं जायचं. कोतरात उतरलात की हातात येणारे दगड पावागढचे नसतात. पांढऱ्या गारगोट्या, अभ्रकाने चमकणारे तुकडे, दाणेदार ग्रॅनाइट, आणि मधूनच हाताला जड लागणारा एखादा काळा खडा. हे दगड लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे आहेत. मुलांना पाच वेगवेगळे दगड शोधायला सांगा, बघून झाले की जागच्या जागी ठेवायला लावा.

पाण्यात उतरण्याआधी

सात-सव्वासातला वाटेला लागा. कोतराच्या काठावर पोचलात की लगेच उतरू नका. आधी झाडांच्या फांद्यांकडे बघा. कुठेतरी डोक्याच्या उंचीवर वाळलेलं गवत, काटक्या, एखादी चिंधी अडकलेली दिसेल. ती पुराची रेघ. यंदा पाणी तिथपर्यंत आलं होतं. बसायची, जेवायची, पिशव्या ठेवायची जागा त्या रेघेच्या वर निवडायची, आकाश निरभ्र असलं तरी.

कारण असं: या टेकड्यांचे उतार छोटे पण तीव्र आहेत आणि वरती माती पातळ आहे. वरच्या बाजूला तासभर जोराचा पाऊस झाला की सगळं पाणी एकदम एका चिंचोळ्या पात्रात येतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असू शकतं. पाणी वाढण्याआधी तीन खुणा दिसतात: निवळ पाण्याला अचानक मातकट रंग येतो, पाला आणि काटक्या जास्त वाहून यायला लागतात, आणि पाण्याचा आवाज जाड होतो. यातली एक जरी दिसली तरी सामान गोळा करत न बसता काठ चढा. पलीकडच्या काठावर असाल तर तिथेच वर चढा, अलीकडे यायचा प्रयत्न करू नका. एका वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही असेच दोन तास पलीकडच्या काठावर बसून राहिलो होतो. घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत आलं आणि दुपारी आपोआप उतरलं. त्या दोन तासांत कुणी उतावीळपणा केला नाही, म्हणून सगळे धड घरी आलो.

चालायचं कसं

प्रवाहाच्या उलट दिशेने, वर वर चाला. पायाने ढवळलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचं पाणी स्वच्छ राहतं. शिवाय मासे प्रवाहाकडे तोंड करून थांबतात. तुम्ही मागून येता, त्यामुळे दोन-तीन हातांवर येईपर्यंत ते हलत नाहीत. आणि थकल्यावर परतायची वाट उताराची आणि ओळखीची असते.

ओल्या शेवाळी दगडावर पाय ठेवायचा नाही, दोन दगडांमधल्या वाळूत ठेवायचा. काठी आधी, मग पाय. पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथे उतरायचं नाही, काठावरून वळसा घ्यायचा. सगळ्यात पुढे वाटाड्या, सगळ्यात मागे एक जाणता माणूस, मुलं मध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाटेवर आडवी, सोनेरी छटेची मोठमोठी जाळी लागतात आणि मध्ये तळहाताएवढी कोळीण बसलेली असते. तिच्यापासून माणसाला भीती नाही. जाळं तोडू नका, वाकून खालून जा.

पाण्याच्या आवाजाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. खळाळत्या पाण्याजवळ आपली चाहूल प्राण्याला ऐकू जात नाही. बिबट्या सहसा स्वतःच बाजूला होतो. अस्वलाचं तसं नाही. त्याचं नाक तीक्ष्ण असतं, पण नजर कमी आणि खाण्यात गुंग असलं की लक्ष नसतं. माणूस अचानक समोर आला की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून वळणाच्या आधी, दाट झुडपाच्या आधी, साध्या आवाजात बोलत राहा किंवा काठी दगडावर आपटा. शांतता हवी ती बसल्यावर. अस्वल दिसलंच तर पळू नका. मुलांना मध्ये घ्या, त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरा, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा.

काय बघायचं

काठावरची झाडं आधी. पाण्याच्या अगदी कडेला पांढुरक्या, गुळगुळीत खोडाचा अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. जरा वर चढलं की साग, मोह, तेंदू, बांबू. सागाचं कोवळं पान तळहातांत चोळा, हात कुंकवासारखा लाल होतो. ऑक्टोबरमध्ये सागाची पुष्कळ पानं जाळीदार झालेली दिसतात, जणू कुणी हिरवा गर काढून नुसत्या शिरा ठेवल्या आहेत. हे एका छोट्या पतंगाच्या अळ्यांचं काम. झाड आजारी आहे असं लोकांना वाटतं, पण पुढच्या पालवीला ते पुन्हा हिरवंगार होतं. उंचावर एखादं झाड चांदण्यात उभं असल्यासारखं फिकट, साल पापुद्र्यांनी सुटणारं दिसेल. तो कांडोळ, इथे त्याला कडायो म्हणतात. त्याचा डिंक औषधी म्हणून विकला जातो, आणि तो काढायला घातलेले जुने घाव खोडावर दिसतात.

मग चिखल. कोतराच्या वळणावर आतल्या बाजूला बारीक ओला गाळ साचतो, तिथे खाली बसून बघा. बिबट्याच्या पावलाचा ठसा गोलसर असतो आणि नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं दिसतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा भासतो, फक्त पुढे लांब नखांच्या खुणा. वाटेत वारूळ खणलेलं आणि माती चहूकडे उडालेली असेल तर ते अस्वलाचं काम. माती अजून ओलसर असेल तर वाटाड्याला दाखवा आणि तो सांगेल तसं करा.

आणि पाणी. खळाळ आणि डोह यांत फरक करायला शिका. खळाळात पाण्यात हवा मिसळते. तिथला मुठीएवढा दगड हळूच उलटा करून पोटाकडे बघा. वाळूचे कण चिकटवून केलेलं नळीसारखं घर दिसलं, किंवा शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेलं चपटं पिल्लू सरपटताना दिसलं, तर समजा पाणी चांगलं आहे. घाण पाण्यात यांतले बहुतेक जीव तग धरत नाहीत. दगड परत त्याच बाजूने, त्याच खाचेत ठेवायचा. त्यांचं घर आहे ते. माझ्या मते सगळ्या दिवसातलं हेच काम सर्वांत मोलाचं, आणि सात वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या माणसापर्यंत कुणालाही ते जमतं. विश्वामित्रीचं पाणी शहरात येईपर्यंत काय होऊन बसतं, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता बसा. डोहापासून पंधरा-वीस पावलांवर, सावलीत, पुराच्या रेघेच्या वर. वीस मिनिटं फोन बंद, बोलणं बंद. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही आणि मुलं चुळबुळ करतात. मग खंड्या परत त्याच्या फांदीवर येतो, धोबी शेपूट हलवत दगडावर उतरतो, उंबरावर राखी धनेशाची जोडी असेल तर तिचा किरकिरा आवाज येतो. चतुर पाण्याला शेपूट टेकवत अंडी घालतात. जंगल तेच असतं, आपण गप्प झाल्यावर ते पुन्हा आपल्या कामाला लागतं.

ज्यांना चालवत नाही

गुडघे दुखणाऱ्यांना घरी ठेवू नका. कडा धरणाच्या काठावर गाडी जाते. सतरंजी, दुर्बीण आणि सोबतीला एक माणूस देऊन त्यांना तिथे बसवा. पाणपक्षी बघायला कोतरापेक्षा तीच जागा बरी. आणि फक्त पक्षीच बघायचे असतील तर हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तो तलाव 2021 पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

दुखापत झाली तर

पाय मुरगळला तर बूट काढू नका, वरूनच पट्टी बांधा आणि काठीच्या आधाराने उतरा. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणा, 108 ला फोन करा, आणि वाटाड्याला जवळच्या सरकारी दवाखान्याकडे न्यायला सांगा. दरीत फोनला रेंज नसते. म्हणून चालायला लागण्याआधी वरच्या रस्त्यावरून घरी एक निरोप पाठवा: कुठल्या गावाजवळ आहोत, किती वाजेपर्यंत परत येऊ.

परतताना

साडेअकरा-बाराला कोतर सोडा. वर येऊन गाडीजवळ मोज्यांमधली कुसळं आणि बिया तिथेच काढून टाका, बडोद्याला आणू नका. कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचिडी बघून घ्या, लहान मुलांच्या बाबतीत विशेष. वाटाड्याला मजुरी द्या, आणि पुढच्या वेळी याच कोतराला येणार असं सांगून त्याचा फोन नंबर घ्या. जेवण राहिलं असेल तर बडोद्यात शिरताच शेव-उसळ खा.

घरी गेल्यावर वहीत पाच ओळी लिहा: तारीख, बसलो त्या दगडाजवळ पाणी किती वित, दगडाखाली काय दिसलं, कुठली झाडं फुलावर होती, कुठले ठसे. फेब्रुवारीत पुन्हा त्याच दगडापाशी जा आणि वीत लावा. माझ्या वहीत ऑक्टोबरला चार वीत लिहिलेलं आहे, फेब्रुवारीला एक, आणि एका वर्षी नुसतं 'ओली वाळू, मोराची पावलं'.